नियंत्रण कक्षातली माणसे आरोग्याच्या आराखड्यात हवीत

महोदय,

साथीच्या काळात विजेची मागणी घटली म्हणजे वीजयंत्रणेवरचा ताण हलका झाला, असे अनेकांना वाटते. विजेची मागणी आणि निर्मिती यांचा मेळ क्षणोक्षणी राखणाऱ्या भार प्रेषण केंद्रात अनेक वर्षे पाळ्या केल्या असल्याने सांगतो, उलट तेव्हाच डोळ्यांत तेल घालून बसावे लागते.

वीज बहुतांशी लागेल त्याच क्षणी तयार करावी लागते. मेळ बसतोय की नाही ते पडद्यावरची फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेच्या प्रवाहाची सेकंदाला होणारी आवर्तने, सांगते. आकडा ५० हर्ट्झच्या आसपासच राहायला हवा. २०२०च्या टाळेबंदीत कारखाने, रेल्वे, कार्यालये एकदम थांबली आणि कामाच्या दिवसांचे मागणीचे आलेख रविवारसारखे दिसू लागले. कोळशावर चालणारे औष्णिक संच ठरावीक मर्यादेखाली चालत नाहीत आणि बंद केले तर पुन्हा उभे करायला कित्येक तास जातात. शिवाय भार कमी झाला की लांबच्या वाहिन्यांवर व्होल्टेज चढते, म्हणून धडधाकट वाहिन्याही मुद्दाम बंद ठेवाव्या लागतात.

५ एप्रिल २०२० ची रात्र आठवा. नऊ मिनिटे दिवे मालवायचे होते. मागणी १२ ते १४ हजार मेगावॅटने घटेल असा अंदाज होता, प्रत्यक्षात ती सुमारे ३१ हजारांनी घटली आणि लगेच पुन्हा चढली. तरीही फ्रिक्वेन्सी ४९.७ ते ५०.२६ या पट्ट्यातच राहिली, कारण जलविद्युत केंद्रांनी सुमारे पंचवीस मिनिटांत साडेसतरा हजार मेगावॅटच्या आसपास निर्मिती उतरवली. आधीपासून तयारी केली होती म्हणूनच हे जमले.

पण तयारी करणारी माणसे मोजकीच असतात. हे काम घरून होत नाही, आणि नव्या माणसाच्या हाती ग्रिड, म्हणजे विजेचे सारे जाळे, द्यायला वर्षे लागतात. पाळी बदलताना तीच खुर्ची, तोच माउस, तोच फोनचा रिसीव्हर दुसऱ्याच्या हाती जातो. एक आजारी पडला तर अख्खी पाळी विलगीकरणात जाऊ शकते. न्यूयॉर्क राज्यात ग्रिड चालवणारे कर्मचारी त्या काळात कित्येक आठवडे घर सोडून कामाच्या जागीच मुक्कामाला होते. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो.

२०२१ मध्ये ऑक्सिजनने दुसरी बाजू दाखवली. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारा प्रकल्प वीज क्षणभर गेली तरी ट्रिप होऊ शकतो, म्हणजे आपोआप बंद पडू शकतो, आणि वीज आली तरी हवी ती शुद्धता मिळायला काही तास जातात. घरी कॉन्सन्ट्रेटरवर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन देणाऱ्या विजेच्या यंत्रावर, असलेल्या रुग्णाला तर तेवढीही उसंत नसते.

म्हणून साथीच्या प्रत्येक आराखड्यात तीन गोष्टी लिखित हव्यात: दुसऱ्या इमारतीत सज्ज राखीव नियंत्रण कक्ष, ऑक्सिजन प्रकल्पांना दोन बाजूंनी वीजपुरवठा, आणि लसीकरणाच्या पहिल्या यादीत भार प्रेषण केंद्रातले कर्मचारी व लाइनमन. पुढची साथ येण्याआधी आरोग्य आणि ऊर्जा या दोन्ही खात्यांनी हे आराखडे जनतेसमोर ठेवावेत, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त वीज अभियंता