नवे टायर पुढे नव्हे, मागे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यापूर्वी टायर तपासून घ्या, हा सल्ला दरवर्षी मे महिन्यात छापून येतो. पण दोनच टायर बदलायचे असतील तर ते कुठे बसवायचे, हे कोणी लिहीत नाही. टायरच्या दुकानात उत्तर ठरलेले असते: पुढे. स्विफ्ट, आय-ट्वेंटी, अल्टो अशा गाड्यांत इंजिनाची ओढ पुढच्या चाकांवर, स्टिअरिंग त्यांनाच जोडलेले, ब्रेकचा मोठा भारही त्यांच्यावरच. म्हणून पुढचे टायर आधी झिजतात आणि झिजले तिथेच नवे घातले जातात. मिशेलिन, ब्रिजस्टोन या टायर कंपन्या मात्र नेमके उलट सांगतात: नवी जोडी मागे, कमी झिजलेली जुनी जोडी पुढे.

कुंभार्ली घाट पावसात उतरताना याचे कारण कळते. पुढचे टायर पाण्यावर तरंगू लागले की स्टिअरिंग एकदम हलके लागते आणि गाडी वळायला कुरकुर करते. आपण घाबरून ॲक्सिलरेटर सोडतो. वेग उतरतो, भार पुढे येतो आणि टायर पुन्हा रस्ता धरतात. म्हणजे जे आपोआप होते, तेच इथे उपयोगी पडते. मागच्या टायरांची पकड सुटली तर पाय काढण्याची तीच सवय घात करते. अशा गाडीची मागची बाजू मुळात हलकी. त्यात उतार, त्यात आपण पाय काढला किंवा ब्रेक दाबला की तिच्यावरचा उरलासुरला भारही पुढे जातो. गाडीची शेपूट बाहेर फेकली जाते आणि ती जागच्या जागी फिरते. स्टिअरिंगवर आधी काही जाणवत नाही. सावरायला घसरत्या बाजूला झटकन स्टिअरिंग फिरवावे लागते, आणि ते शांत डोक्याने करणारे चालक फार थोडे. एबीएस ही ब्रेकची यंत्रणा चाक जाम होऊ देत नाही, पण झिजलेल्या टायरला पाणी बाहेर काढणाऱ्या खाचा कुठून आणणार?

पुढे जुने टायर ठेवले की ओल्या चढावर चाक थोडे घसरते, ब्रेकचे अंतरही वाढते, हे मान्य. त्यासाठी वेग कमी ठेवता येतो. मागची चाके ओढणाऱ्या बोलेरोलाही हाच नियम लागू. मात्र जुन्या जोडीच्या खाचांची खोली कायद्याच्या १.६ मिलिमीटर मर्यादेपर्यंत आलेली असेल, तर पुढे-मागेचा वाद सोडून चारही बदलावेत. पावसात तर त्याच्या बऱ्याच आधी.

दुकानदार ‘साहेब, फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे’ म्हणून समजावू लागेल. नवे मागे घालायचे म्हणजे मागची चाके काढून पुढे आणायची, चारही चाकांची खोलाखोल. थोडी जास्त मजुरी देऊन ते करून घ्यावे, त्यातच बॅलन्सिंगही करून घेता येते.

– एक वाचक, चिपळूण