250 म्हणजे शून्य नव्हे

प्रिय विद्यार्थ्या,

नाव लिहू नका असं तू बजावलंस, म्हणून लिहीत नाही. पण आभार मात्र चारचौघांत मानते. चूक माझ्याकडून भर वर्गात झाली होती आणि ती निस्तरायला तू नाशिकहून एसटीने निफाडला आलास, तेही तीन शनिवार.

आठवीच्या मुलांना हिमालयातला बर्फ चढता-उतरताना दाखवायचा, एवढंच माझ्या मनात होतं. आपल्याकडच्या मुलांचा बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवरचा, नाहीतर द्राक्षबागा झोडपणाऱ्या गारा. 'टेरा' उपग्रहावरचं मोडिस उपकरण 2000 सालापासून रोज हिमाच्छादन टिपतं आणि ते आकडे कुणालाही फुकट मिळतात, हे तूच फोनवर सांगितलंस. हिमाचल प्रदेशातल्या रोहतांग खिंडीभोवतीचा 10 किलोमीटर बाजूचा तुकडा काढून पाठवलास. 1 जानेवारीपासून मेअखेरपर्यंत दर चौथ्या दिवसाचा एक कागद. 38 मुलं, 38 कागद. प्रत्येकावर 400 चौकोन, चौकोनाची बाजू 500 मीटर. एका चौकोनात साठ एकरांहून जास्त जमीन मावते म्हटल्यावर मागच्या बाकावरून "आमचे तर दोनच एकर" असा आवाज आला आणि वर्ग एकदम जागा झाला.

प्रत्येक चौकोनात हिम किती ते सांगणारा आकडा होता. 0 असेल तर तपकिरी, 100 कडे जाईल तसा निळा फिका करत शेवटी पांढरा. मध्येच 250 यायचा. मी सांगून टाकलं, "तो बिघडलेला आकडा, तिथे तपकिरीच भरा." फोटो काढले, मोबाइलवर जोडले, चित्र हलायला लागलं. जानेवारीत सगळा डोंगर पांढरा, पुढच्या फ्रेमला उघडाबोडका, त्यापुढे पुन्हा पांढरा! एका मुलीने विचारलं, "बाई, ऐन थंडीत चार दिवसांत एवढं वितळलं कसं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तू आलास, ते हलतं चित्र दोनदा पाहिलंस आणि मुलांसमोर इतकंच म्हणालास, "बाई, आकड्यांसोबतच्या माहितीपत्रकात 250 पुढे काय लिहिलंय, जरा वाचता का?" मी वाचलं. ढग. चूक तू दाखवली नाहीस, मला ती माझ्या तोंडाने वर्गाला सांगू दिलीस. यासाठी मी तुझी फार ऋणी आहे.

मग तू फळ्यावर दोन आडव्या रेघा मारून समजावलंस. ढग आणि हिम आपल्या डोळ्यांना दोन्ही पांढरे. पण डोळ्यांना न दिसणाऱ्या लघुलहरी अवरक्त किरणांत हिम काळपट दिसतं आणि ढग बहुतेक उजळच राहतो, म्हणून उपग्रहाला ते वेगळे ओळखता येतात. ढगाखालचं मात्र त्यालाही दिसत नाही. पश्चिमी झंझावात, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारं वादळी हवामान, आला की तिकडे हिम पडतं, आणि नेमकं त्याच दिवशी वरून काही दिसत नाही. तो सरकला की उत्तरेचे वारे सुटतात आणि निफाडचा पारा उतरतो, हे मात्र मुलांनीच तुला सांगितलं. बागेत रात्री शेकोट्या पेटवणाऱ्या घरांतली मुलं ती.

सगळे 250 पुन्हा रंगवले, राखाडी. तपकिरीवर राखाडी बसेना, तेव्हा तू मुलांसोबत जमिनीवर बसून चौकोन कापून चिकटवत होतास. तुझ्या बोटांना डिंक लागला होता आणि परतीची गाडी चुकली तरी उठला नाहीस.

आता ते चित्र साडेनऊ सेकंद चालतं. मार्चपासून पांढरी कड दरीतून वर सरकत जाते, आणि मधूनच राखाडी येऊन सगळं झाकतं. ज्या मुलीने प्रश्न विचारला होता तिचा कागद जवळजवळ पूर्ण राखाडी आहे. खाली तिने पेन्सिलीने लिहिलंय, "ढग होते. खाली बर्फ होता की नाही, या दिवशी दिसले नाही."

तो कागद मी तुझ्यासाठी वेगळा ठेवलाय. पुढच्या शनिवारी ये, शाळा सकाळची आहे.

तुझ्या बाई,
निफाड, जि. नाशिक