आलास की आलीस

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

समोर बसून बोलायला गेले तर पुन्हा गडबडेन, म्हणून लिहितेय.

इतकी वर्षं मी ज्याला मुलगी समजत आले, तो तुझा मित्र परवा आला आणि दार उघडता उघडता मी म्हणून गेले, "कधी आलीस गं?" त्याचा चेहरा उतरला. मग मी सावरायला लागले, "अरे, इतक्या वर्षांची सवय, तोंडात तेच बसलंय..." शेवटी तोच "असू दे काकू" म्हणत माझी समजूत काढत बसला. ते मला फार लागलं. चूक माझी, आणि सांत्वन त्याने करायचं! "आलास ना, ये" एवढं म्हणून मी पुढे जायला हवं होतं.

तू म्हणालास, नुसतं 'तो' तर म्हणायचंय. पण मराठीत तेवढ्याने भागत नाही रे. बंगालीत आणि फिनिशमध्ये 'तो' आणि 'ती' यांना एकच शब्द आहे. स्वीडिशमध्ये 'हेन' हे तिसरं सर्वनाम २०१५ साली स्वीडिश अकादमीच्या शब्दकोशात आलं. आपल्या 'तू'ला लिंग नाही, पण ते क्रियापदात येतं, 'अरे-अगं'मध्ये येतं, 'दमलेला-दमलेली'त येतं. आणि 'मी'मध्येही. गेल्या वर्षी निघताना तो "येतो मी" म्हणाला होता. मला वाटलं, गंमत करतेय. त्याने तेव्हाच सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही.

मधे मी एक पळवाट काढली होती. 'तुम्ही आलात', 'येशील ना', 'त्यांनी सांगितलं' यांत लिंग कळत नाही, म्हणून तशीच वाक्यं जुळवत होते. ज्यांना 'तो'ही नको आणि 'ती'ही नको, त्यांच्याशी बोलताना ती उपयोगी पडतील. त्यांच्यातही कुणाला 'ते आले' बरं वाटेल, कुणाला आणखी काही, विचारावं. तान्ह्या बाळाला म्हणतो तसं 'ते आलं' मात्र आपण होऊन कुणाला म्हणू नये. पण तुझ्या मित्राने 'तो' म्हणा असं स्पष्ट सांगितलंय. त्याच्याशी अशी आडवळणाची वाक्यं बोलणं म्हणजे त्याचं म्हणणं टाळणंच झालं.

तो समोर नसतानाही हे पाळायचं. मी आणि बाबा हल्ली रात्री मुद्दाम त्याचा विषय काढतो; एक चुकला की दुसरा टोकतो. बाबा माझ्यापेक्षा लवकर शिकले.

एक काळजी आहे. त्याने घरी अजून सांगितलेलं नाही ना? मग त्याच्या आईचा फोन आला तर मी काय म्हणायचं, हे त्यालाच विचार. तो म्हणेल तसंच बोलेन. त्याच्या परवानगीशिवाय तूही कुणापाशी बोलू नकोस, अगदी जवळच्या मित्रापाशीसुद्धा.

शनिवारी येतोय ना तो? दार मीच उघडेन.

तुझी,
आई