लॉगबुक रद्दीत जाण्याआधी : पालकमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पालकमंत्री, कोल्हापूर जिल्हा

स. न. वि. वि.

गेल्या दिवाळीच्या आधी, घरोघरी साफसफाई चालू असताना, कोल्हापुरातल्या एका रद्दीच्या दुकानातून मी एक वही 30 रुपयांना विकत घेतली. दुकानदार ती तराजूत टाकतच होता. जाड पुठ्ठा, झिजलेल्या कडा, आत रकाने आखलेली पानं : तारीख, विमानाचा प्रकार आणि नंबर, कॅप्टनचं नाव, आपलं काम, कुठून कुठे, किती तास. हवाई दलात क्रू म्हणून उडणाऱ्या प्रत्येकाचं असं एक लॉगबुक असतं. महिनाअखेरीस तासांची बेरीज करायची आणि वरच्याची सही घ्यायची.

पहिल्या पानावरचं नाव वाचलं आणि दुकानातल्या बाकड्यावर बसलोच. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे, डाकोटा आणि पॅकेट विमानांवर सिग्नलर होते. कानाला हेडफोन, उजव्या हाताखाली मोर्सची की, म्हणजे टकटक करून संदेश पाठवायचं बटण. म्हातारपणी गप्पा मारता मारता त्यांचं बोट खुर्चीच्या हातावर टकटक करायचं, ते काय बोलतंय हे आम्हाला कधी कळलं नाही. अण्णा गेले, पोरांनी घर आवरलं, वही रद्दीत गेली. पोरांना मी दोष देत नाही. दोन खोल्यांचा फ्लॅट, त्यात बापाचे कागद कुठवर सांभाळणार?

मी स्वतः शिरोळ तालुक्यातला, कुरुंदवाडजवळचा. 1979 साली मुंबईला कॉटन ग्रीनला भरती झालो. ट्रेनिंगला पाठवलं ते बेळगावजवळ सांबऱ्याला, म्हणजे एसटीने तीन तासांवर, पण पहिले कित्येक महिने घर काही दिसलं नाही. मग तांबरमला इंजिनाचं शिक्षण, काही वर्षं हँगरमध्ये हात काळे केले, पुढे परीक्षा देऊन एएन-32 या मालवाहू विमानावर फ्लाइट इंजिनिअर झालो. 2002 ला ज्युनिअर वॉरंट ऑफिसर म्हणून रिटायर होऊन गावी आलो तर पारावर पहिला प्रश्न, "इमान चालवायचास व्हय?" नाही म्हटलं. "मग काय करायचास वर?"

साहेब, या प्रश्नाचं उत्तर द्यायला तेवीस वर्षं झाली, अजून एका दमात देता येत नाही. म्हणून हे पत्र.

एएन-32 मध्ये फ्लाइट इंजिनिअरची जागा दोन पायलटांच्या मधे, जरा मागे. घडीची खुर्ची. समोर काच नाही, डोंगर-दऱ्या बघायला सवड नाही, नजर सगळी काट्यांवर. तेलाचा दाब, तेलाचं तापमान, दोन्ही इंजिनांची ताकद. या विमानाची इंजिनं पंखांच्या वर बसवलेली असतात, कारण पंखे एवढे मोठे की खाली मावत नाहीत. त्या आवाजाची देणगी म्हणजे आज मी फोनवर बोलतो ते शेजारच्या गल्लीला ऐकू जातं.

आमचा नेहमीचा रस्ता चंदीगड ते लेह. पहाटे अंधारात विमानाभोवती फेरी मारायची, बॅटरीच्या उजेडात प्रत्येक जोडाखाली बोट फिरवायचं. बोट ओलं झालं तर तेल कुठून आलं ते सापडेपर्यंत उड्डाण नाही. मग फॉर्म 700 वर, म्हणजे विमान उडायला ठीक आहे असं लिहून देण्याच्या कागदावर, सही. त्या सहीचं वजन शेतीच्या खरेदीखतावरच्या सहीपेक्षा जास्त. लेह 10,000 फुटांच्या वर. तिथे सकाळीच उतरायचं, कारण दुपारी वारा सुटतो आणि हवा तापली की इंजिनाची ताकद कमी पडते. जाताना पोटात कांदे, बटाटे, रॉकेल, कधी जिवंत बकरे. येताना सुटीवर निघालेले जवान, आजारी, आणि कधी तिरंग्यात गुंडाळलेली पेटी. पेटी असली की मागचे जवान झोपत नसत.

एकदा, 1991 च्या हिवाळ्यात, रोहतांगच्या अलीकडेच होतो. उजव्या इंजिनाचा तेलाचा काटा खाली सरकायला लागला. हळूच, उसात पाणी उतरावं तसा. काटा बिघडलाय की तेल खरंच जातंय हे ठरवायला मिनिटही नसतं. तापमानाचा काटा वर चढायला लागला तेव्हा मी म्हटलं, "सर, तेल जातंय." कॅप्टनने एकच विचारलं, "पक्कं?" मी म्हटलं, "पक्कं." इंजिन बंद केलं, पंख्याची पाती वाऱ्याला आडवी येणार नाहीत अशी वळवली आणि मागे फिरलो. भरलेलं विमान एका इंजिनावर त्या उंचीला टिकत नाही, हळूहळू खाली येतं, आणि तिथे खाली डोंगर असतात. आम्ही अजून अलीकडे होतो म्हणून दरी मोकळी मिळाली. चंदीगडला उतरल्यावर काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, उघडलं तर तेलाच्या एका नळीला चीर होती. नखाने चाचपावी लागली एवढी बारीक.

माझ्या लॉगबुकात त्या दिवसाची नोंद आहे : 1 तास 20 मिनिटं, डी.एन.सी.ओ. म्हणजे ठरलेलं काम झालं नाही. बस्स. "पक्कं" म्हणताना माझ्या तोंडाला पडलेली कोरड त्या रकान्यात मावत नाही.

अण्णांच्या वहीत मात्र इंग्रजी नोंदींच्या शेजारी पेन्सिलीने मराठीत काहीबाही लिहिलंय. एके ठिकाणी "लेह. जर्दाळू 2 किलो, आईसाठी." आणि वारंवार दोनच शब्द : "ढग. परतलो." मी मोजले, सतरा वेळा आहेत. पॅकेटसारखं विमान, आजच्यासारखी यंत्रं नाहीत, घाट ढगात गेला की परत फिरायचं. जे परत फिरू शकले नाहीत त्यांचं काय झालं हेही आपल्याला माहीत आहे. 7 फेब्रुवारी 1968 ला चंदीगडहून लेहला निघालेलं एएन-12 हवा खराब म्हणून मागे वळलं आणि रोहतांगच्या भागात नाहीसं झालं. त्याचे अवशेष 2003 मध्ये सापडले. बर्फाने आणखी चार जणांचे देह परत दिले ते सप्टेंबर 2024 मध्ये, म्हणजे 56 वर्षांनी. आमच्या वेळी क्रू-रूममध्ये त्या विमानाचा विषय निघाला की जुने वॉरंट ऑफिसर चहाचा कप खाली ठेवायचे.

आता मुद्द्यावर येतो.

लडाखमधल्या दौलत बेग ओल्डीला, 16,000 फुटांच्या वर, पहिलं विमान उतरवलं ते 1962 च्या जुलैत स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी, पॅकेट विमान. मराठी नाव, अभिमान वाटतो, आणि ते नाव इतिहासात आहे हे रास्तच आहे. पुढे तो तळ बंद पडला आणि 31 मे 2008 ला 43 वर्षांनी तिथे पुन्हा विमान उतरलं, ते आमचं एएन-32. पण अशा प्रत्येक विमानात पायलटच्या मागे माणसं असतात. नॅव्हिगेटर, इंजिनिअर, सिग्नलर, लोडमास्टर. 3 जून 2019 ला आसामातल्या जोरहाटहून अरुणाचलातल्या मेचुकाला निघालेलं एएन-32 डोंगरावर आदळलं. 13 जण होते, त्यांतले 8 क्रू. त्या आठवड्यात गावात मला जो भेटला त्याने "पायलट कोण होता?" एवढंच विचारलं.

लोडमास्टरचं काम तर कुणी विचारतही नाही. अरुणाचलात विजयनगरसारखी गावं आहेत, जिथे आमच्या वेळी पोचायचं म्हणजे दिवसांचे दिवस चालावं लागायचं. तिथे मीठ-तांदूळ वरून टाकायचा. पोती अर्धवट भरून एकात एक अशी घालतात, म्हणजे आतलं फाटलं तरी बाहेरचं धरून ठेवतं. मागचा रॅम्प उघडतो, थंडगार वारा आत घुसतो, पट्ट्याने बांधलेला लोडमास्टर उघड्या कडेशी उभा असतो. घंटा वाजली की ढकलायचं, आणि काही सेकंदांत सगळं बाहेर गेलं पाहिजे, नाहीतर माल दरीत. आमच्याबरोबर गडहिंग्लजकडचा एक जण होता. इंटरकॉमवर कॅप्टनशी इंग्रजीत "ड्रॉप कम्प्लीट सर" म्हणायचा आणि तो माइक बंद करायच्या आत आमच्या कानात यायचं, "झालं बाबा एकदाचं, ज्योतिबाच्या नावानं चांगभलं." कॅप्टन पंजाबी. त्याला वाटायचं ही काहीतरी प्रोसिजर आहे.

ऑगस्ट 2019 चा महापूर तुम्हाला सांगायला नको. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट, आणि पाणी त्याच्याही कितीतरी वर. आमच्याकडे कृष्णा-पंचगंगेचं पाणी खालचा मजला गिळून जिन्यापर्यंत आलेलं. गच्चीवर हेलिकॉप्टरचा आवाज आला की पोरं टॉवेल फिरवायची. सगळे बघत होते हेलिकॉप्टरकडे. मी बघत होतो त्याच्या दारात पाय सोडून बसलेल्या माणसाकडे, कारण खाली वाकून अंतर सांगतोय तो तोच.

त्या पुरात माझं लॉगबुक खालच्या कपाटात होतं. पाणी ओसरल्यावर मिळालं ते विटेसारखं. मंडळींनी पानं एकेक करून सोडवली, मधे वर्तमानपत्राचे तुकडे घातले आणि मंद इस्त्री फिरवली. बॉलपेनच्या नोंदी राहिल्या. शाईच्या पेनाने लिहिलेली पहिली चार वर्षं निळ्या डागात गेली.

अण्णांची वही घेऊन मी एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. टेबलावरच्या मुलाने उलटून पाहिली आणि विचारलं, "काका, हे कुठल्या बँकेचं पासबुक?" मुलगा चांगला होता, चहा पाजला. पण ही वही ठेवायची कुठे, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं आणि त्याच्या साहेबांकडेही नव्हतं.

महोदय, कोल्हापूर आठवणी जपत नाही असं कोण म्हणेल? 1943 ते 1948 वळिवड्याला पोलंडचे पाचेक हजार निर्वासित राहिले. त्यांचं स्मारक आपण महावीर गार्डनमध्ये केलं, वॉर्सातही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे आणि ऑगस्ट 2024 मध्ये पंतप्रधान तिथे जाऊन आले. संस्थानचे कागद कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहेत. उजळाईवाडीची धावपट्टी छत्रपती राजाराम महाराजांनी 1939 साली सुरू केली आणि 2024 मध्ये तिथे कमानींची नवी टर्मिनल इमारत झाली. सैनिक टाकळीसारखं गाव आपल्या जिल्ह्यात आहे, ज्याच्या नावातच सैनिक आहे. एवढं सगळं असताना या वह्यांना एक कपाट मिळू नये?

मला हवंय ते थोडं आहे. पुराभिलेखागारात किंवा विद्यापीठात, जिथे ओल येत नाही आणि पुराचं पाणी पोचत नाही अशा ठिकाणी, जिल्ह्यातल्या हवाई दल, नौदल, लष्कर या तिन्ही दलांच्या उडणाऱ्या क्रूची लॉगबुकं स्वीकारायची. मूळ वही घरच्यांना द्यायची नसेल तर पानांचे फोटो काढून परत करायची. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे निवृत्तांची नोंद असतेच, त्यावरून पत्रं पाठवली तरी निम्मं काम होईल.

दुसरं, आणि माझ्या दृष्टीने जास्त घाईचं : बोलणं रेकॉर्ड करून घ्या. वहीत "डी.एन.सी.ओ." राहतं, बाकीचं माणसाबरोबर जातं. इतिहास किंवा पत्रकारिता शिकणारी दोन पोरं, एक बरा माइक, आणि म्हाताऱ्याच्या घरी जाऊन तीन तास बसायची तयारी. प्रश्न कोल्हापुरीत विचारले तरच उत्तरं मिळतील. इंग्रजीत विचारलंत तर आम्ही सगळे "इट वॉज अ रूटीन सॉर्टी" एवढंच सांगू, तशी सवयच लागलीय.

गुप्ततेचं कारण पुढे येईल याची मला कल्पना आहे. ज्याला खरंच अडचण वाटेल त्याने ते बोलू नये, आम्हाला ते तारतम्य आहे. चाळीस वर्षांपूर्वी लेहला कांदा नेला होता, यात शत्रूला कळण्यासारखं काही नाही.

आणि कृपा करून सत्कार ठेवू नका. शाल, श्रीफळ, फ्लेक्सवर आमचे फोटो आणि तुमचा त्याहून मोठा फोटो, हे मागच्या वेळी झालं. त्या कार्यक्रमात अण्णा पहिल्या रांगेत होते. दोन तास बसले, त्यांना एक शब्द बोलायला सांगितलं नाही. मी शेजारी होतो. त्यांचं बोट खुर्चीच्या हातावर चाललंच होतं.

माझं लॉगबुक, अण्णांचं, आणि ओळखीच्या दोन घरांतून आणलेली आणखी दोन, अशी चार सध्या माझ्याकडे प्लास्टिकच्या डब्यात माळ्यावर आहेत. तुम्ही सांगाल त्या कार्यालयात मी स्वतः आणून देईन, फक्त पोच मिळावी. मे संपत आलाय. जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आत कळवलंत तर बरं होईल, कारण 2019 च्या पाण्याची खूण आमच्या घरात माळ्याच्या दीड फूट खाली आहे.

आपला,
एक निवृत्त फ्लाइट इंजिनिअर
(भारतीय हवाई दल, 1979 ते 2002)
ता. शिरोळ, जि. कोल्हापूर