प्रिंटर बिघडलेला नाही, फाइलीत फॉन्टच नाहीये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तहसीलच्या रस्त्याला माझं झेरॉक्सचं दुकान आहे, दोन कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर आणि एक जुनं झेरॉक्स मशीन. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि आमचे दोन्ही कॉम्प्युटर विंडोज ११ घेत नाहीत, प्रोसेसर जुने आहेत म्हणून, मग भाच्याने दोन्हीवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टीम टाकून दिली. मशीन पळायला लागली, मी खूश होतो. पहिल्याच आठवड्यात एक मुलगी शिष्यवृत्तीचा फॉर्म घेऊन आली, व्हॉट्सअॅपवर आलेली पीडीएफ, प्रिंट काढली तर इंग्रजी ओळी एकदम नीट आणि मराठीच्या जागी नुसते चौकोन, मधेच भलतीच अक्षरं. प्रिंटर बंद करून चालू केला, परत काढली, तेच. ती समोरच्या दुकानात गेली आणि तिथे पहिल्या फटक्यात आली. मग गावात बोलणं सुरू झालं की याने लिनक्स टाकलंय, याच्याकडे प्रिंट नीट येत नाही.

हे खरं नाहीये म्हणून लिहितोय, कारण माझ्यासारखे जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलेले बरेच जण आत्ता याच ठिकाणी अडकलेले असणार.

त्या रात्री भाच्याला फोन लावला. त्याने पहिला प्रश्न विचारला तो मला आता रोज कामाला येतो, मामा, स्क्रीनवर बरोबर दिसतंय का? मी प्रिंटच्या मागे लागलो होतो, स्क्रीनकडे नीट बघितलंच नव्हतं. बघितलं तर स्क्रीनवरच चौकोन. म्हणजे प्रिंटरचा काही संबंधच नाही. मग त्याने टर्मिनल, म्हणजे टाइप करून कमांड द्यायची खिडकी, उघडायला लावलं आणि पीडीएफफॉन्ट्स (pdffonts) असं टाइप करून पुढे फाइलचं नाव द्यायला सांगितलं. फाइलीत कुठले कुठले फॉन्ट वापरलेत त्याची यादी येते आणि त्यात एम्ब (emb) नावाचा एक रकाना असतो, तिथे येस असेल तर फॉन्ट फाइलीच्या आतच आहे, नो असेल तर फाइल फक्त फॉन्टचं नाव सांगतेय आणि तुमच्या कॉम्प्युटरवर तो असेल असं धरून चाललीय. त्या फॉर्ममध्ये मंगल फॉन्टपुढे नो होतं. मंगल हा विंडोजचा फॉन्ट, म्हणून समोरच्या दुकानात दिसला. लिनक्सबरोबर लोहित नाहीतर नोटो देवनागरी येतात, ते चांगले फॉन्ट आहेत, पण इथे ते उपयोगी पडत नाहीत आणि का पडत नाहीत हे मला समजायला दोन दिवस लागले.

काय होतं की अशा पीडीएफमध्ये बऱ्याच वेळा "क" असं अक्षर लिहिलेलंच नसतं, "त्या फॉन्टमधलं अमुक नंबरचं चित्र काढ" एवढंच लिहिलेलं असतं. जोडाक्षरं, रफार, वेलांट्या सगळी नंबरची चित्रं. आता फॉन्टच दुसरा घेतला तर त्याच नंबरला त्यात वेगळंच चित्र असतं किंवा काहीच नसतं. जुन्या, युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच नंबर देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइली तर अजून वेगळ्या, त्यात मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्याच जागेवर बसवलेली असतात, फॉन्ट मिळाला नाही की सरळ इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. आणि इंग्रजी ओळी नीट का आल्या? तर पीडीएफ ठरवतानाच १४ फॉन्ट असे धरले होते की ते फाइलीत नसले तरी कुठेही चालावेत, टाइम्स, हेल्व्हेटिका, कुरियर वगैरे. त्यात देवनागरी एकही नाही. मराठी माणसाला फॉन्ट फाइलीत घालावाच लागतो.

दुसरा प्रकार म्हणजे स्क्रीनवर बरोबर आणि कागदावर चूक. इथे फाइल चांगली असते, वाटेत घोळ होतो, कारण लिनक्सवर पीडीएफ थेट प्रिंटरला जात नाही, मधे कप्स नावाची सिस्टीम असते, ती फाइल प्रिंटरला कळेल अशा भाषेत बदलते आणि त्या बदलण्यात एखादं जोडाक्षर सुटतं नाहीतर अख्खी फाइल "फिल्टर फेल्ड" म्हणून अडकते. यावर मी एकच करतो, फाइल ऑक्युलर नावाच्या पीडीएफ व्ह्यूअरमध्ये उघडतो, प्रिंटच्या ऑप्शनमध्ये फोर्स रास्टरायझेशन आहे त्यावर टिक. मग पान फोटोसारखं जातं, थोडं हळू निघतं पण स्क्रीनवर आहे तसंच निघतं. आधारची पासवर्डवाली पीडीएफ टर्मिनलवरून सरळ प्रिंटला पाठवू नका, ती अडकते, आधी व्ह्यूअरमध्ये पासवर्ड टाकून उघडायची आणि तिथून काढायची.

आणि लिनक्सला प्रिंटिंग जमत नाही म्हणणाऱ्यांना सांगतो, हे कप्स १९९९ पासून आहे आणि अॅपलने २००२ मध्ये मॅकमध्ये हेच घेतलं, आजही मॅकवर प्रिंट यातूनच जाते.

बाकी रोजच्या अडचणी सोप्या आहेत. पानाचा खालचा भाग कापला जातो, हॉल तिकिटावरची सही अर्धी येते, तर पेपर साइज बघा, लिनक्स टाकताना भाषा इंग्लिश युनायटेड स्टेट्स निवडली की डिफॉल्ट लेटर होतो आणि लेटर आपल्या ए४ पेक्षा जवळजवळ १८ मिमी आखूड आहे. इंग्लिश इंडिया निवडली की ए४ राहतो. प्रिंटरची वायर निघाली किंवा कागद संपला की कधीकधी प्रिंटर पॉज होऊन बसतो आणि पुढच्या सगळ्या प्रिंट रांगेत थांबतात, मग ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, कोलन, ६३१ असं टाकायचं, कप्सचं पान उघडतं, तिथे प्रिंटरवर जाऊन रिझ्यूम. माझ्या प्रिंटरचं अजून एक आहे, त्याचं फर्मवेअर (प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम) त्याच्या आत राहत नाही, चालू केला की दर वेळी कॉम्प्युटरने पाठवावं लागतं आणि ते कंपनीच्या वेगळ्या प्लगइनमध्ये येतं, अपडेट झालं की प्लगइन जुना पडतो, जॉब कम्प्लीट दिसतो आणि कागद काही बाहेर येत नाही. दोन वेळा मी टोनर संपला समजून नवीन आणला. नवीन प्रिंटर घेणार असाल तर ड्रायव्हरशिवाय चालणारा आहे का ते विचारून घ्या, आयपीपी एव्हरीव्हेअर किंवा एअरप्रिंट लिहिलेलं असेल तर लिनक्सवर सहसा त्रास होत नाही.

पण हे सगळं मी माझ्या दुकानात बसून दुरुस्त करू शकतो, फॉन्ट नसलेली फाइल नाही करू शकत. ती जिथे बनली तिथेच सुधारावी लागते. त्या मुलीच्या फॉर्मसारख्या फाइली माझ्याकडे दर आठवड्याला येतात, शाळांच्या, पतसंस्थांच्या, ग्रामपंचायतीच्या, सरकारी खात्यांच्या, आणि बनवणाऱ्याला कळतच नाही कारण त्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर ती छान दिसते. यासाठी पीडीएफ-ए नावाचं आयएसओचं (जगभरची मानकं ठरवणारी संस्था) स्टँडर्ड २००५ पासून आहे, त्यात सगळे फॉन्ट फाइलीत असलेच पाहिजेत असा नियम आहे. वर्डमध्ये पीडीएफ सेव्ह करताना ऑप्शन्समध्ये पीडीएफ-ए ची एक टिक आहे, लिब्रेऑफिसमध्ये एक्स्पोर्ट ॲज पीडीएफ मध्ये पण आहे, पैसे लागत नाहीत, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. मराठीत फॉर्म, परिपत्रक, निकाल काढणाऱ्या प्रत्येक ऑफिसने ही टिक लावूनच फाइल पुढे पाठवावी अशी माझी मागणी आहे, आणि जूनमध्ये ॲडमिशनची गर्दी सुरू व्हायच्या आत हे पत्र छापलंत तर फार बरं होईल.

त्या मुलीचा फॉर्म मी दुसऱ्या दिवशी शाळेच्या क्लार्कला फोन करून टिक लावून परत मागवला. दोन मिनिटांत आला, लिनक्सवर उघडला, छापला, तिच्या मैत्रिणींच्या पण सात प्रती त्याच फाइलवरून काढल्या.

आपला,
एक झेरॉक्स दुकानदार, जि. परभणी