चि. चिनूस, सेंट मार्टिनच्या यादीसोबत

स्लीमा, माल्टा
१९ ऑक्टोबर

चि. चिनू,
अनेक आशीर्वाद.

तू मागितलेली यादी पाठवतेय. कंदिलांच्या संध्याकाळी काय लागतं, किती लागतं, घोळ कुठे होतो, सगळं लिहिते. सायकलबद्दल एक अक्षर लिहायचं नाही, असं बाबांना कबूल केलंय. तू पडलास हे आम्हाला पंधरा दिवसांनी, लीनाच्या आईकडून, भाजीच्या गाडीपाशी उभं असताना कळलं, त्याबद्दलही काही नाही. तर यादी.

आधी तारीख. ११ नोव्हेंबरला सेंट मार्टिन या संताचा सण दोन्हीकडे असतो. जर्मन मुलं कंदील घेऊन निघतात, माल्टाच्या मुलांना सुक्या मेव्याची पिशवी मिळते. तुमच्या जर्मन-माल्टीज मंडळाला याहून सोयीचा दिवस वर्षात दुसरा नाही. पण तुम्ही कोलोनमध्ये आहात हे विसरू नका. त्याच दिवशी सकाळी ११ वाजून ११ मिनिटांनी तिथे कार्निव्हलचा हंगाम उघडतो आणि संध्याकाळपर्यंत जुन्या शहरात नि ट्राममध्ये झिंगलेली माणसं असतात. कंदील घेतलेली पोरं तिथून न्यायची नाहीत. एक दिवस आधी करा किंवा मध्यवस्तीपासून लांबचा एखादा शांत मोहल्ला बघा. सूर्यास्त तेव्हा तिथेही आणि इथेही पाचच्या जरा आधी होतो. इथे लगेच अंधार पडतो, तुमच्याकडे संधिप्रकाश रेंगाळतो, म्हणून साडेपाचच्या आधी निघू नका. उजेडात कंदील दिसत नाहीत आणि मुलं कंटाळतात. इथे त्या दिवसांत पुन्हा ऊब येते, तिला ‘सेंट मार्टिनचा उन्हाळा’च म्हणतात, मुलं अर्ध्या बाह्यांत हिंडतात. तिथे हातमोजे लागतील. हातमोजे घातलेल्या मुलाच्या हातातून काठी निसटते, तेव्हा मुठीच्या जागी काठीला कापडी चिकटपट्टीचे दोन वेढे द्या.

कंदील. व्हॅलेटाच्या जर्मन-माल्टीज सर्कलला १९६२ पासूनची परंपरा आणि मेसिना पॅलेससारखा वाडा आहे. तुमच्याकडे चर्चचा हॉल आणि दोन टेबलं, त्यामुळे सोपा प्रकार धरा. कॅमेम्बर्ट चीजची गोल डबी घ्यायची. झाकणाचा मधला भाग कापून फक्त कडं ठेवायचं. डबीचा व्यास ११ सेंटिमीटर असेल तर परीघ साडेचौतीस येतो. दीड सेंटिमीटर चिकटवायला धरून कागद ३६ लांब, २० उंच. काळ्या पुठ्ठ्यात चांदण्या, मासे, काय हवं ते कापायचं आणि मागून पतंगाचा कागद लावायचा. खालची कड डबीच्या बाहेरून, वरची कड्याच्या आतून चिकटव. वर समोरासमोर दोन भोकं पाडून ४० सेंटिमीटर तार ओवायची. ही भोकंच फाटतात. दर वर्षी, दहातल्या तीन कंदिलांची. भोक पाडायच्या आधी आतून चिकटपट्टीचा तुकडा लावला तर फाटत नाहीत, आणि हे कार्यशाळेच्या सुरुवातीला सांगावं लागतं, शेवटी सांगून उपयोग नसतो.

आपल्या आकाशकंदिलाच्या कामट्यांचा सांगाडा करायचा तुझा विचार चांगला आहे, पण तीस मुलं नि दोन तास यांत तो बसणार नाही. एकच कर आणि दाराशी टांग. फुग्यावरचे कंदीलही नकोत. खळीत बुडवलेल्या कागदाचे तीन-चार थर लागतात, वाळायला दोन दिवस. दोनच थर दिले तर फुगा फोडल्यावर कंदील आत बसतो, सहा दिले तर उजेड बाहेर येत नाही.

आत मेणबत्ती नको. दिव्याची काठी मिळते, बहुतेकींत दोन पेन्सिल सेल बसतात. तीस काठ्यांना साठ सेल, वर दहा जास्तीचे. सेल निघायच्या आधी घाला; आदल्या रात्री घातले की कुणीतरी बटण चालू ठेवतंच. मेणबत्तीचं तुला वेगळं सांगायला नको. व्हॅलेटाच्या त्या सरळसोट गल्ल्यांमधून बंदरावरचा वारा कसा घुसतो ते तुला माहीत आहे. सहा वर्षांचा होतास. पायऱ्यांच्या रस्त्यावर तुझा कंदील एका झुळकीत गेला, आणि तू रडला नाहीस. जळका सांगाडा दप्तरात घातलास आणि सगळ्यांना सांगितलंस की कंदील आवडला म्हणून एका मुलीला देऊन टाकला. रात्री दप्तराला वास आला तेव्हा आम्हाला कळलं. तुला वाईट वाटू नये म्हणून बाबा काही बोलले नाहीत. मला वाटतं, तेव्हाच बोलायला हवं होतं. दुखलं की सांगायचं असतं, हे आम्ही तुला शिकवलंच नाही का?

असो. मिरवणूक.

मोजकी मुलं फुटपाथवरून चालणार असतील तर परवानगीची भानगड नाही. रस्त्यावर उतरून मिरवणूक काढायची तर महापालिकेची परवानगी हवी, आणि अर्ज काही आठवडे आधी करायचा. मुलांच्या गटाने जमेल तिथे फुटपाथच वापरावा असा तिथला नियमच आहे. अंधारात रस्त्यावरून चालणाऱ्या गटाच्या पुढे पांढरा दिवा आणि मागे लाल दिवा लागतो. चमकणारी जाकिटं सहा घ्या, पाच मुलांमागे एक मोठा माणूस ठेवा, रस्ता एक किलोमीटरच्या आत आणि थांबे तीन. चौक ओलांडताना दोघे रस्त्यात आधी उभे राहतील, मग मुलं. या दोघांपैकी एक माल्टाचा असेल तर त्याला सांगून ठेवा की गाडी डावीकडून येणार आहे. आयुष्यभर रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवलेल्या माणसाची मान आधी उजवीकडे वळते. भारतात तेच, माल्टात तेच. तूसुद्धा एकवीस वर्षं उजवीकडे बघत मोठा झालास. आधी डावीकडे, चिनू. पायी असलास तरी, आणि सायकलवर असलास तर दोनदा.

ट्रामचे रूळ काटकोनाच्या जवळ जाऊन ओलांडायचे असतात. तिरकं गेलं की पुढचं चाक खाचेत बसतं, आणि वर ओली पानं असली की ब्रेक लावून काही होत नाही. मला हे तुझ्या बाबांनी वहीवर चित्र काढून समजावलं. जर्मनीत सायकलस्वाराला हेल्मेटची सक्ती नाही हे तू मला दोनदा सांगितलंस. सक्ती जेवायचीही नाही, तरी माणूस जेवतो. दिवे लावतोस ना? मागचा लाल? मिरवणुकीतल्या पोरांना जे लागतं ते रात्री साडेअकराला लॅबमधून निघणाऱ्या माणसाला लागत नाही का?

लागले बघ मी सायकलवर बोलायला. माफ कर. हे पान फाडून पुन्हा लिहिणार होते, पण त्याच्या मागच्या बाजूला पावाचं प्रमाण लिहून झालंय.

पाव. जर्मन वेकमान आणि माल्टाचा सेंट मार्टिनचा पाव यांच्यासाठी कणीक एकच मळा, वेळ वाचतो. अर्धा किलो मैदा, ७५ ग्रॅम साखर, ७ ग्रॅम कोरडं यीस्ट, अडीचशे मिली दूध, ६० ग्रॅम लोणी, एक अंडं, चिमूटभर जास्त मीठ. दूध बोटाला कोमट लागलं की थांब, चटका बसला तर यीस्ट मेलं म्हणून समज. अर्ध्या कणकेत चमचाभर बडीशेप घाल, पण आपली जेवणानंतरची नाही, बारीक दाण्याची अॅनिस घे. तासभर फुगू दे. एवढ्यात आठ वेकमान किंवा बारा छोटे पाव होतात. वेकमान म्हणजे कणकेचा माणूस. त्याचे पाय कात्रीने कापायचे आणि एकमेकांपासून चांगले लांब ठेवायचे, नाहीतर फुगताना चिकटून त्याचा मासा होतो. हात बारीक केलेस तर पोट भाजायच्या आत हात जळतात. अंगठ्याएवढे जाड ठेव. डोळ्यांना बेदाणे आत दाबून बसव, नुसते ठेवलेस तर भट्टीत उडून पडतात. वीस मिनिटं पुन्हा फुगवून, अंड्याचा हात फिरवून, १८० अंशांवर पंधरा ते अठरा मिनिटं. मातीची पांढरी चिलीम तिथल्या बेकरीवाल्याकडे मागितलीस तर मिळेल. ती पाव भाजायच्या आधी कणकेत दाबून बसवायची. माल्टाच्या पावावर एक रंगीत गोळी किंवा संताचं छोटं गोड चित्र बसवतात, मुलं ते आधी खातात आणि पाव आईला देतात.

पिशवीत एका मुलाला चार अक्रोड, आठ बदाम, सहा हेझलनट, तीन चेस्टनट, दोन सुकी अंजिरं, एक संत्रं. तीन-चार वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे द्यायचे नाहीत, घशात अडकतात. त्यांच्या पिशवीत फळं आणि पाव. ज्यांना दाण्यांची अॅलर्जी आहे त्यांच्या पिशव्या दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याने, दुसऱ्या टेबलावर, दुसऱ्या माणसाने भरायच्या. नावनोंदणीच्या वेळीच विचारा. मुलांना ते चार शब्द शिकवा: जेउझ म्हणजे अक्रोड, लेउझ म्हणजे बदाम, मग चेस्टनट, मग तीन. चेस्टनटचा शब्द जर्मन लोक ‘कस्तान’ म्हणतील. तो क नाही, गळ्यातल्या गळ्यात श्वास अडवायचा आणि ‘अस्तान’ म्हणायचं. ‘तीन’ म्हणजे अंजीर. तू बालवाडीतून येऊन विचारलं होतंस की तीन म्हणतात, मग पिशवीत दोनच का.

मोठ्यांसाठी नुसती ग्लूवाइन, म्हणजे मसाल्याची गरम वाइन, नको, ती तिथे कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते. केलीत तर उकळू देऊ नका, वाफ दिसली की आच कमी, नाहीतर दारू उडते आणि लवंग कडू होते. पन्नास पेल्यांना दहा लिटर. त्याशेजारी आपली इंबुल्यूता, चेस्टनट-कोकोचं गरम पेय, ठेवा. इथे ती नाताळच्या मध्यरात्रीच्या मिसनंतर पितात, पण कोलोनच्या थंडीत नोव्हेंबरात कुणी तक्रार करणार नाही. ४०० ग्रॅम सुके चेस्टनट रात्रभर भिजवायचे. सकाळी फटींत अडकलेली तांबडी साल सुईने काढायची. हे काम कुणालाच आवडत नाही आणि टाळलं तर सगळं पातेलं तुरट होतं. दोन लिटर पाण्यात तासभर मंद शिजवून मग ६० ग्रॅम कोको, १५० साखर, संत्र्याची साल, दालचिनी, दोन लवंगा. कोको थेट घालू नकोस, गुठळ्या होतात, वाटीत थंड पाण्यात कालवून घाल. सुके मिळाले नाहीत तर पाकिटातले उकडलेले चालतात, ते वीसच मिनिटं.

मार्टिनने झगा कापून भिकाऱ्याला अर्धा दिला तो प्रसंग करायचा तर घोडा आणू नका. झगा आधीच उभा कापून वेल्क्रोने जोडून ठेवा, लाकडी तलवार लावली की ओढल्यावर दोन होतो. मार्टिन तू होऊ नकोस. तलवार उचलायची नाही, टेबलं नाहीत, दहा लिटरचं पातेलं तर नाहीच. पट्टा सहा आठवडे, असं डॉक्टर म्हणाले, हे मी लीनाच्या आईला विचारून घेतलंय.

एकमेकांना आपापली भाषा शिकवायच्या जोड्यांचं तू विचारलं होतंस. अर्धा तास जर्मन, अर्धा तास माल्टीज. दहाव्या मिनिटाला सगळे इंग्रजीवर येतात, कारण माल्टाच्या जवळजवळ प्रत्येकाला इंग्रजी येतं आणि जर्मन माणसाला वाटतं की आपण पाहुण्याची सोय करतोय. टेबलावर स्वयंपाकाचं घड्याळ ठेवा आणि हातात काम द्या, अक्रोड फोडणं, पिशव्या बांधणं. हात गुंतले की माणूस सोपं बोलतो.

आणि मंडळ नोंदवायचं असेल तर संस्थापक किमान सात लागतात. तुम्ही पाच आहात असं म्हणालास. सह्यांसाठी माणसं गोळा करू नकोस, काम करणारी दोन शोध. परवा बाबांनी फोन स्पीकरवर ठेवला होता, तू त्या सभेतलं तुझं जर्मन भाषण वाचून दाखवत होतास. ते उठून गॅलरीत गेले. मला म्हणाले डोळ्यांत धूळ गेली. ऑक्टोबरात, वारा नसताना.

पार्सल सोमवारी टाकतेय. चाळीस कापडी पिशव्या, पाव किलो अॅनिस, दोन जाकिटं, आणि सायकलच्या मागच्या चाकाला लावायचा दिवा. तो दिवा बाबांनी घातलाय, मी नाही. स्वेटरही विणतेय, पुढून बटणांचा, म्हणजे हात वर करावा लागणार नाही. एका बाजूला खांद्यापर्यंत बटणं ठेवते. पण कोणता खांदा ते मला कुणी सांगितलं नाही. डावा की उजवा, तेवढं कळव, बाही अडून राहिली आहे.

तुझी,
आई