सप्तकाचे श्रेय आणि उरची मातीची पाटी

संपादक महोदय,

स. न. वि. वि. आपल्या रविवार पुरवणीतल्या लेखात ‘सप्तक पायथागोरसने शोधले’ असे ठोकून दिले आहे. दक्षिण इराकमधल्या उर इथली मातीची एक पाटी इसवी सनापूर्वी १८०० च्या सुमाराची आहे. म्हणजे पायथागोरसच्या बाराशे वर्षे आधीची. १९६८ मध्ये ती छापून आली, तेव्हा बातमी काही ताजी नाही.

नऊ तारांचे ‘सम्मूम’ हे वाद्य कसे लावायचे, ते या पाटीत तिथल्या प्राचीन अक्कादी भाषेत सांगितले आहे. जुळणी (म्हणजे तारा लावण्याची रीत) अमुक असेल आणि छेडलेली तारांची जोडी ‘स्वच्छ’ नसेल, तर तमुक तार चढव, सम्मूम स्वच्छ होईल. दुसऱ्या भागात हेच उलट, तारा उतरवत. सात जुळण्या, सातांना नावे. स्वच्छ होण्यासाठी वापरलेले क्रियापद देण्यातून मोकळे होण्यालाही चालते, हे मला फार आवडले.

मी तीस वर्षे गाणे शिकवले. स्वरमंडळाच्या नऊ तारा बिलावलात, म्हणजे सगळ्या शुद्ध सुरांत, लावून हे करून पाहिले. शुद्ध मध्यम आणि निषाद एकत्र छेडले की कानाला खुपतात. मध्यम तीव्र केला, खुपणे गेले. हाताशी यमनचे सूर! पण आता षड्ज आणि तीव्र मध्यम भांडू लागले. म्हणून षड्ज चढवला, अर्थात पहिली आणि आठवी अशा दोन्ही तारा. असे सात वेळा केले आणि पहिलीच जुळणी अर्ध्या सुराने वर येऊन बसली. पाटीत गुणोत्तरे नाहीत, आकडेमोड नाही. नुसता कान आणि क्रम.

त्याच लेखात पुढे ‘आपले सरगमही बहुधा तिथूनच आले’, म्हणजे पायथागोरसच्या ग्रीसमधून, असे आहे. हे मला पटत नाही. षड्ज-पंचम, षड्ज-मध्यम धरून तारा लावणारा कोणीही इथवर पोहोचेल. देवाणघेवाणीला पुरावा लागतो. उरच्या बाबतीत तसा पुरावा सीरियातल्या उगारित या प्राचीन शहरात आहे. उरपासून हजारभर किलोमीटर दूर, इसवी सनापूर्वी १४०० च्या सुमाराला, निक्कल देवीचे एक स्तोत्र स्वरलेखनासह पाटीवर उतरवले गेले. स्तोत्राची भाषा हुर्री, अक्कादीहून अगदी वेगळी. खाली लिहिलेले जुळणीचे नाव मात्र ‘नीद कब्ली’, म्हणजे उरच्या त्या सातांतलेच एक.

आपली,
एक निवृत्त संगीत शिक्षिका